प्यू रिसर्चचं जनमत भांडार: किस्टोन एक्सएलच्या बातम्या तपासायला किती कामाचं?

'अमेरिकी जनतेचा पाइपलाइनला पाठिंबा' असा मथळा दिसला की त्यामागची जनमत चाचणी उघडून पाहता आली पाहिजे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी जनमत संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर ही सोय फुकट आहे आणि नीट वापरली तर फार मोलाची आहे. तिची परीक्षा घ्यायला किस्टोन एक्सएलइतकं चांगलं प्रकरण नाही. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातल्या हार्डिस्टीपासून अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या स्टील सिटीपर्यंत रोज ८,३०,००० पिंपं तेल नेणारी ही वाहिनी २००८ मध्ये प्रस्तावित झाली. ओबामांनी ती २०१५ मध्ये नाकारली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये पुन्हा पुढे आणली आणि बायडन यांनी २० जानेवारी २०२१ रोजी परवाना रद्द केला. या सगळ्या काळात दोन्ही बाजू चाचण्यांचे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकत होत्या.

प्यूच्या प्रत्येक अहवालाबरोबर 'टॉपलाइन' नावाची पीडीएफ असते. खरा माल तिथे आहे. प्रश्न जसा विचारला तसा, शब्दाला शब्द, त्याखाली आधीच्या वर्षांचे आकडे आणि प्रश्न कोणाला विचारला याची ओळ. या शेवटच्या ओळीकडे बातमीदार सर्रास दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. फेब्रुवारी २०१२ च्या चाचणीत मंजुरीच्या बाजूने ६६ टक्के होते, मार्च २०१३ मध्येही ६६ टक्के. मत जागच्या जागी आहे, असं वाटतं. पण २०१२ चे ६६ टक्के हे फक्त पाइपलाइनबद्दल थोडंफार तरी ऐकलेल्यांमधले. तसे लोक होते ६३ टक्के. म्हणजे एकूण लोकसंख्येच्या हिशेबात पाठिंबा जेमतेम ४२ टक्के. २०१३ चा प्रश्न सगळ्यांना विचारला होता आणि त्याची शब्दरचनाही वेगळी होती. हे दोन आकडे एका आलेखात जोडणं चूकच.

निवडक वेचा घेण्याचा प्रकार तर याहून वाईट. सप्टेंबर २०१३ च्या अहवालात ६५ टक्के लोक पाइपलाइनच्या बाजूने होते. त्याच चाचणीत वीजकेंद्रांच्या उत्सर्जनावर कडक मर्यादा हव्यात असं म्हणणारेही ६५ टक्केच होते. पहिला आकडा एकटा छापला की जनतेला हवामानाची पर्वा नाही, असा समज होतो. दोन्ही शेजारी ठेवले की कळतं, बऱ्याच लोकांना यात विसंगती वाटत नव्हती. अहवाल अखेरपर्यंत वाचणाऱ्यालाच हे सापडतं.

आता त्रुटीमर्यादेचं, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती मागेपुढे असू शकतो याचं गणित, कारण इथे अनुभवी संपादकही चुकतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे १,५०० जणांच्या नमुन्यात ४८ टक्के विरोधात आणि ४२ टक्के बाजूने होते. त्रुटीमर्यादा सुमारे ±२.९ टक्के गुण. ती प्रत्येक आकड्याची असते, दोन आकड्यांमधल्या फरकाची नव्हे. फरकाची मर्यादा इथे साधारण ५.५ गुण निघते. ६ गुणांचा फरक तिच्या जेमतेम बाहेर पडतो, त्यातही टक्के पूर्णांकात छापलेले. प्यूने मथळ्यात 'जनता विभागलेली' असं म्हटलं, ते योग्यच केलं. 'बहुसंख्य विरोधात' म्हणणं तर सरळ चूक, कारण ४८ म्हणजे बहुमत नव्हे. त्या अहवालातली मोठी बातमी वेगळीच होती: डेमोक्रॅटांमधला पाठिंबा २०१४ च्या ४० टक्क्यांच्या वरून २० च्या खाली घसरला होता. एकूण आकडा हलला तो मुख्यतः या एका पक्षामुळे.

मूळ विदाही, म्हणजे प्रत्येकाच्या उत्तरांच्या कच्च्या नोंदीही, उतरवून घेता येते. मोफत खातं उघडावं लागतं. फाइल एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या सॅव्ह (.sav) स्वरूपात येते, ती पीएसपीपी किंवा आर या मोफत साधनांत उघडते. भारांकाचा स्तंभ लावल्याशिवाय एकही टक्केवारी काढू नका. फोनवरच्या चाचण्यांत वयस्क आणि जास्त शिकलेले लोक प्रमाणाबाहेर येतात, भारांक ते सावरतो. तुमचा एकूण आकडा टॉपलाइनशी जुळला, तरच पुढे जा. ताज्या चाचणीची विदा मात्र लगेच मिळत नाही, काही महिने थांबावं लागतं. जुने अहवाल शोधतानाही त्रास होतो, नेमका महिना आणि वर्ष टाकून शोधलं तर बरं.

एकट्या प्यूवर भागत नाही. लोकांना पाइपलाइन का हवी होती, हे जाणायला वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसीची मार्च २०१४ ची चाचणी सोबत ठेवा. तिच्यात ६५ टक्के पाठिंबा होता आणि ८५ टक्क्यांना वाटत होतं की भरपूर रोजगार निर्माण होईल. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अहवालाने बांधकामाच्या काळात ४२,१०० रोजगारांना आधार मिळेल असं म्हटलं होतं, पण वाहिनी सुरू झाल्यावर उरणारे सुमारे ५०. चाचणी लोकांचा समज मोजते. तो समज वस्तुस्थितीशी जुळतो का, हे तपासणं बातमीदाराचं काम आहे आणि बहुतेक बातम्यांत ते झालेलं दिसत नाही.

सगळ्यात मोठी उणीव नमुन्याच्या आकाराची. नेब्रास्काची तेव्हाची लोकसंख्या १९ लाखांच्या आसपास, त्यामुळे १,५०० जणांच्या राष्ट्रीय नमुन्यात तिथले फार तर नऊ-दहा लोक येतात. ज्यांच्या शेतातून, सँडहिल्सच्या वाळूतून, ओगालाला भूजलावरून वाहिनी जायची होती, त्यांचं मत या आकड्यांत जवळपास नाहीच. मार्गालगतच्या आदिवासी जमातींचंही तेच. 'जनतेला हवी आहे' हे वाक्य त्यांच्या नावावर खपवणं अन्यायाचं आहे. त्यांचं म्हणणं हवं असेल तर नेब्रास्का पब्लिक सर्व्हिस कमिशनच्या सुनावणीची कागदपत्रं उघडा. याच आयोगाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी पर्यायी मार्गाला मंजुरी दिली होती.