फेरेटचे ‘न वापरलेले’ बेव्हल बॉक्स: खोका अस्सल, माल उतरवलेला

ब्रिटिश फेरेट स्काउट कारसाठी (जुनी चिलखती टेहळणी गाडी) ‘लष्करी गोदामातले, न वापरलेले’ म्हणून आम्ही ब्रिटनमधल्या एका विक्रेत्याकडून दोन बेव्हल बॉक्स, म्हणजे इंजिनाची फिरकी काटकोनात वळवून चाकाकडे नेणाऱ्या गिअरपेट्या, घेतले. पैसे आधीच पूर्ण पाठवले, तिथेच घात झाला. खोके अस्सल, लेबलंही अस्सल. आतला माल मात्र कुठल्या तरी गाडीवरून उतरवलेला, धुतलेला आणि वरून हिरवा रंग मारलेला.

भुललो ते लेबलावर. नाटोच्या 13 आकडी नंबरात पहिले चार आकडे मालाचा वर्ग सांगतात: 2520 म्हणजे ट्रान्समिशन, 2530 म्हणजे ब्रेक, स्टीअरिंग, अ‍ॅक्सल, चाकं, 5330 म्हणजे सील-गास्केट. पुढचे दोन आकडे देशाचे, 99 असेल तर ब्रिटन. नंबर सुट्या भागांच्या पुस्तकाशी जुळला, तरी त्यावरून खोक्यात काय आहे हे ठरत नाही.

खरी खूण स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या लांबट दातांवर, होती. रंग दातांच्या मुळापर्यंत उतरलेला. साठवणीच्या मालावर तिथे घट्ट ग्रीस असतं, रंग नसतो. दाताच्या बाजूवरून नख फिरवलं की मध्येच पायरी लागत होती, म्हणजे त्या जागी वर्षानुवर्षं भार पडलेला. झाकण काढल्यावर गिअरच्या दातांवर बारीक खड्डे दिसले, आणि तेल अडवणाऱ्या सीलची ओठासारखी कडा वाळून कडक झालेली.

फेरेटमध्ये हे फार महागात पडतं. चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल एकच, तेही डाव्या-उजव्या बाजूंमध्ये. एकाच बाजूचं पुढचं आणि मागचं चाक एकमेकांना जखडलेलं असतं. कडक रस्त्यावर दोघांच्या फिरण्यात थोडाही फरक पडला, तर शाफ्ट पिळले जातात आणि तो ताण बेव्हल बॉक्स आणि ट्रॅक्टा जॉइंट (चाक वळलं तरी फिरकी पोहोचवणारे सांधे) झेलतात. खड्डे पडलेला दात तिथेच तुटतो. म्हणून एका बाजूचे दोन्ही 9.00-16 टायर सारख्याच झिजेचे हवेत.

इंजिन घेतानाही असाच सापळा असतो. रोल्स-रॉइस बी60, सहा सिलिंडर, 4.26 लिटर, हे हंबरच्या एक टनी ट्रकमध्येही होतं. ‘बी60 आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका. मार्क नंबरच्या, म्हणजे इंजिनाची नेमकी आवृत्ती सांगणाऱ्या, पट्टीचा फोटो मागा. बी मालिकेतले बरेच आतले भाग एकमेकांना चालतात, पण बाहेरची जोडणी गाडीगणिक बदलते.

गाडीच्या इतिहासाचंही तेच. ‘एडनला (येमेनमधलं जुनं ब्रिटिश ठाणं) होती’ म्हणून किंमत चढवतात. दोन आकडे, दोन अक्षरं, दोन आकडे असा लष्करी नोंदणी क्रमांक मागा आणि ब्रिटनमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमच्या अभिलेखागारात चौकशी करा. क्रमांक द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर त्या इतिहासासाठी चढवलेली किंमत वजा करा.

सुटे भाग घेताना खोका उघडून, ग्रीस पुसून, त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून काढलेले स्प्लाइनचे आणि गिअरच्या दातांचे फोटो मागा. ‘खोक्याचं सील तोडलं तर किंमत उतरते’ असं आम्हाला सांगितलं गेलं, आणि आम्ही ते मानलं.