जुन्या ट्रकला फक्त नोझल, रिकंडिशन सेट की नवा सेट?

कारखान्याचा बॉयलर पेटला की उसाची गाडी चार-पाच महिने दम घेत नाही. काळा धूर, मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं), पडलेलं अ‍ॅव्हरेज, यातलं काही असेल तर इंजेक्टरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागाचा, निकाल दसऱ्याच्या आत लावा. सोलापुरात इंजिनाचा डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे गेलात की तीन पर्याय समोर येतात: जुन्या होल्डरला (इंजेक्टरची बॉडी) फक्त नवे नोझल (फवारा मारणारं टोक), तयार रिकंडिशन सेट (दुसऱ्या गाड्यांचे जुने इंजेक्टर दुरुस्त करून), नाहीतर अख्खा नवा सेट. सहा सिलिंडरच्या माझ्या टाटा 1613 वर पहिले दोन्ही करून झालेत.

आधी कुठला सिलिंडर लंगडतोय ते बघा. इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करा. इंजिनचा आवाज पडला तर तो सिलिंडर कामाचा. फरकच पडला नाही तर संशय त्याच्यावर. हे फक्त मेकॅनिकल पंपाच्या गाडीत. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्टरच्या नव्या गाडीच्या, पाइपात हजार बारच्या कितीतरी वर दाब असतो, तिथं चालू इंजिनवर नटाला हात लावू नका.

माझं मत फक्त नोझल बदलण्याच्या बाजूनं आहे. होल्डर सहसा वर्षानुवर्षं टिकतो. झिजते ती नोझलची सुई आणि तिची बैठक. मात्र नंबर तंतोतंत जुळला पाहिजे. जुनं नोझल डिझेलमध्ये भिजवून पितळी ब्रशनं घासलं की त्यावर कोरलेला नंबर दिसतो. ‘डीएलएलए 150’ असं असेल तर 150 हा फवाऱ्याचा कोन. पिस्टनच्या डोक्यावरची वाटी त्या कोनाला धरूनच केलेली असते. मला एका दुकानदारानं ‘बसतंय की’ म्हणून वेगळ्या कोनाचे नोझल दिले. बसले खरे, पण महिन्याभरात ऑइलला डिझेलचा वास यायला लागला. म्हणून गाडीत निघालेल्या नंबरवरही डोळे झाकून विसंबू नका, आधीच्या मिस्त्रीनं चुकीचं बसवलेलं असू शकतं. इंजिन नंबर आणि पंपावरची पट्टी सांगून खात्री करा. नोझलची कंपनी मायको म्हणा नाहीतर बॉश म्हणा, एकच. 2008 मध्ये नाव बदललं, आणि नोझल आपल्या नाशिकला बनतात.

रिकंडिशन सेटची मोठी सोय म्हणजे वेळ. भरलेली गाडी कारखान्याच्या यार्डात बंद पडली असेल तर तासाभरात जुना देऊन तयार सेट घेता येतो, तेव्हा मीही तोच घेईन. पण सहा इंजेक्टर सहा गाड्यांचे असू शकतात. पैसे देण्याआधी प्रत्येक इंजेक्टर तुमच्यासमोर टेस्टरवर (दाब तपासायचा हातपंप) लावायला सांगा. दांडा दाबल्यावर ठरलेल्या दाबाला (अशा इंजिनांत साधारण 200 ते 250 बार, नेमका आकडा तुमच्या इंजिनाचा) कर्र असा आवाज करत धुक्यासारखा फवारा सुटायला हवा. मग दाब 20 बारनं कमी ठेवून दहा सेकंद थांबा. टोकाला थेंब लोंबला तर तो इंजेक्टर दुकानदाराला परत द्या. फवाऱ्यापुढे बोट धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं.

अख्खा नवा सेट होल्डरचे आटे गेले किंवा बॉडी गंजली असेल तरच. पैसा जास्त जातो आणि जुन्या पंपाचं कॅलिब्रेशन (डिझेल मोजून सोडण्याचं सेटिंग) बिघडलेलं असेल तर धूर तसाच राहतो. कॉमन रेलच्या गाडीचं गणित वेगळं. तिथं नवा किंवा कंपनीच्या अधिकृत केंद्रातून दुरुस्त केलेला इंजेक्टरच घ्या आणि त्याच्यावरचा कोड स्कॅनरनं ईसीएममध्ये (इंजिनाचा कॉम्प्युटर) घालून घ्या.

काहीही घेतलंत तरी सहाही एकदम करा. बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा. जुना तांब्याचा वायसर हेडच्या भोकात चिकटून राहतो आणि त्यावरच नवा बसतो, मग नोझलचं टोक आत कमी उतरतं. टॉर्च मारून सहाही भोकं बघा आणि काढलेले वायसर मोजून घ्या.