सिमव्हॅस्क्युलर : रुग्णाच्या स्कॅनवरून रक्तप्रवाहाचे गणित

सीटी किंवा एमआरआय स्कॅनवरून धमनीचा आकार उभा करून तीत रक्त कसे वाहत असेल याचे गणित करू देणारी सिमव्हॅस्क्युलर ही मोफत, मुक्त-स्रोत संगणकप्रणाली स्टॅनफर्ड विद्यापीठातील चार्ल्स टेलर यांच्या प्रयोगशाळेत घडली आणि २००७ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. याच टेलर यांनी हार्टफ्लो या कंपनीच्या स्थापनेतही भाग घेतला, आणि त्या कंपनीच्या कोरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या, विश्लेषणाला २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधे आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने परवानगी दिली. तिथे डॉक्टर स्कॅन पाठवतात आणि तयार उत्तर परत येते. सिमव्हॅस्क्युलरमध्ये मात्र प्रत्येक पायरी आपल्यालाच चढावी लागते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसोबत ही प्रणाली वापरताना मला तिचे हेच सर्वांत मोठे बळ वाटत आले आहे.

काम सुरू होते ते धमनीच्या मध्यातून जाणारी रेषा आखण्यापासून. मग त्या रेषेवर ठरावीक अंतराने आडवे छेद घेऊन प्रत्येक छेदात रक्तमार्गाची कडा काढायची, त्या कडा जोडून घन आकार तयार करायचा आणि गणितासाठी त्याची चौफलकांची, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या बारीक तुकड्यांची, जाळी विणायची. कडा आपोआप शोधण्याची सोय आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. पोटातील महाधमनीच्या फुगवट्यात बहुधा रक्ताची जुनी गुठळी भिंतीला चिकटून असते. स्कॅनमध्ये रक्तात टोचलेल्या रंगद्रव्यामुळे फक्त वाहते रक्त उजळ दिसते आणि गुठळीचा थर करडा राहतो, त्यामुळे आपण काढलेली कडा रक्तमार्गाची असते, फुगवट्याच्या बाहेरच्या भिंतीची नव्हे. अरुंद धमनीत अडचण याच्या उलट येते. तिथे साठलेले कॅल्शियमही रंगद्रव्याइतकेच उजळ दिसते, आणि ते नजरचुकीने आत घेतले तर जो अडथळा तपासायचा तोच आकारातून नाहीसा होतो. संथ, सुरळीत प्रवाहात विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे त्रिज्या १० टक्क्यांनी कमी धरली की विरोध सुमारे ५२ टक्क्यांनी वाढतो. म्हणून या पायरीवर गेलेला वेळ मी वाया गेला असे मानत नाही.

दुसरी कसोटी सीमाशर्तींची, म्हणजे आकार जिथे संपतो तिथे काय घडते ते सांगण्याची. आपला आकार मांडीकडे जाणाऱ्या धमन्यांपाशी संपतो, पण रक्त तिथे थांबत नाही. पुढच्या असंख्य बारीक वाहिन्यांचा विरोध आणि त्यांची लवचिकता प्रत्येक मुखाशी तीन आकड्यांत मांडावी लागते. हे आकडे प्रणाली सुचवत नाही. रुग्णाचा रक्तदाब आणि एकूण प्रवाह यांवरून ते आपणच काढायचे. एककांचीही राखण आपलीच. सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत १ मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १३३३ डाइन प्रति चौरस सेंटिमीटर, रक्ताची घनता १.०६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि श्यानता (दाटपणा) ०.०४ पॉइझ. आत येणारा प्रवाह ऋण चिन्हाने द्यायचा असतो, कारण पृष्ठभागाची लंबदिशा बाहेरच्या बाजूस धरलेली असते. आमच्या पहिल्याच प्रयत्नात ते चिन्ह राहून गेले आणि रक्त पायांकडून हृदयाकडे वाहू लागले. पडद्यावरचे चित्र तरीही इतके देखणे होते की चूक लक्षात यायला बराच वेळ लागला, आणि तेव्हापासून रंगीत चित्र उघडण्याआधी प्रत्येक मुखाचा प्रवाह आणि दाब आकड्यांत तपासण्याची शिस्त आम्ही कटाक्षाने पाळतो.

निकाल मात्र कष्टांचे चीज करतात. फुगवट्यात शिरलेली धार भोवऱ्यांत कशी विरते, भिंतीवरचा कर्तन ताण, म्हणजे वाहत्या रक्ताच्या घर्षणाचा ताण, कुठे मंदावतो आणि हृदयाच्या एका ठोक्यात त्याची दिशा किती वेळा उलटते, हे पॅराव्ह्यू या चित्रदर्शक प्रणालीमध्ये क्षणाक्षणाने पाहता येते. भिंत ताठर धरून केलेले गणित बऱ्याच प्रश्नांना पुरते; भिंतीची हालचाल हवी असेल तर वेगळी तयारी आणि बराच अधिक संगणनवेळ लागतो. आकार आणि जाळी साध्या लॅपटॉपवर होतात, पण सूक्ष्म जाळीवर अनेक ठोक्यांचे गणित चालवायचे तर अनेक गाभ्यांचा (कोअरचा) संगणक हवा.

उपचाराचा निर्णय या आकड्यांवर घेऊ नये. ही प्रणाली संशोधनासाठी आणि शिकण्यासाठी आहे. त्यासाठी मी ती निःशंकपणे सुचवेन. नवशिक्यांनी स्वतःचा स्कॅन हाती घेण्याआधी तिच्याच मोफत संग्रहातील दोनशेहून अधिक तयार नमुन्यांपैकी निरोगी महाधमनीचा एखादा नमुना निवडावा आणि आधी स्थिर प्रवाह चालवून दाब हाताने केलेल्या हिशेबाशी जुळतो का ते पाहावे.