जाड कामाच्या मशीनला सर्वो मोटर की रिड्यूसर पुली?

क्लच मोटरचं (म्हणजे मोटर सतत फिरत राहते, पायडल दाबलं की मशीनला जोडली जाते) शिलाई मशीन आहे, त्यावर पिशव्या नाहीतर सीटकव्हर शिवायची आहेत आणि मशीन पळतंय फार, अशी तक्रार असेल तर दोन उपाय आहेत. मोटर काढून सर्वो, म्हणजे पायडल दाबलं तरच फिरणारी आणि वेग कमी-जास्त करता येणारी मोटर बसवायची, किंवा मोटर तीच ठेवून मोटर आणि मशीनच्या मधे रिड्यूसर पुली, म्हणजे वेग कमी करणारी लहान-मोठ्या चाकांची जोडी टाकायची. मी दोन्ही वापरलंय.

सर्वोचं सुख लगेच कळतं. पाय उचलला की मोटर गप्प, वीजही वाचते. ब्लाऊज, पडदे एवढंच शिवणार असाल तर सरळ सर्वो घ्या.

माझं घोडं अडलं ते पिशवीच्या बंदापाशी. तिथे बंदाचे दोन पदर, कॅनव्हासची घडी आणि वर पायपिंग. वेग कमी ठेवला की सुई अर्ध्यात रुतायची. पायडल हलकं दाबलं तर मोटर नुसती गुणगुणायची, जोरात दाबलं की एकदम तीन-चार टाके पुढे आणि टीप कडेवरून खाली. मग प्रत्येक बंदाला उजवा हात चाकावर! माझी सर्वो साधी होती. महागडीत हे कमी जाणवत असेल.

सर्वो वेग कमी करते, पण म्हणून ताकद वाढत नाही. उलट फिरत्या चाकातला जोरही जातो. वेग निम्मा झाला की तो पावच उरतो. रिड्यूसरचं प्रमाण एकास तीन असेल, तर १४४० फेऱ्यांच्या मोटरवर (बाकीच्या पुल्या सारख्या धरून) मिनिटाला ४८० टाके पडतात आणि सुईला जवळजवळ तिप्पट जोर मिळतो. थोडा पट्ट्यांत जातो, तेवढं चालायचंच. शिवाय हळू शिवायला क्लच अर्धवट दाबून घासत बसावं लागत नाही. बंदावरून सुई आता एकेक टाका घेत पार होते, चाकाला हात लावावा लागत नाही.

त्रास आहेतच. दोन पट्ट्यांचा ताण सांभाळायचा, टेबलाखाली गुडघ्याने दाब उचलायची दांडी आड येते, लांब सरळ टीप मारताना कंटाळा येतो, आणि मोटरची घरघर जात नाही.

पैसे असतील तर सर्वोलाच रिड्यूसर जोडा. एकच घ्यायचं तर मी आधी पुली घेईन. ओळखीचा टर्नर असेल तर ती करूनही मिळते. फक्त शाफ्टवर घट्ट बसते का, ते तिथेच बघून घ्या.