घरचा टेम्पुरा: तयार पीठ आणावं की स्वतः कालवावं

जपानात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रश्न कधीतरी पडतोच, टेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली जपानी भजीच, करायचा तर सुपरमार्केटमधलं टेम्पुराको म्हणजे तयार पीठ घ्यावं की हाकुरिकिको म्हणजे इथला मैदा, अंडं आणि गार पाणी घेऊन घरीच कालवावं. मी दोन्ही प्रकारे भरपूर केलाय.

चवीत घरी कालवलेलं पीठ पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. अंडं फेटून त्यात बर्फाचं पाणी, दोन्ही मिळून 200 मिली, त्यात साधारण कपभर मैदा चाळून टाकायचा आणि चॉपस्टिकने थोडंसं हलवून सोडून द्यायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू देत. शिसो या सुवासिक जपानी पाल्याचं पान एकाच बाजूने बुडवून तळलं की पानाचा वास शाबूत राहतो. तयार पिठात स्टार्च आणि बेकिंग पावडर असते, त्यामुळे आवरण फुगीर आणि एकसारखं येतं, शिसोवर मला ते थोडं जड वाटतं. लाल भोपळा, रताळं, कमळकाकडी यांच्यावर मात्र फरक मला तरी कळलेला नाही.

पण माझं मत फिरलं ते कोळंबीमुळे. आपली भजी करताना पीठ बराच वेळ तसंच राहिलं तरी काही होत नाही कारण बेसनात ग्लुटेन, म्हणजे पीठ चिवट करणारं प्रथिन, नसतंच, मैद्याला पाणी लागलं की ते तयार व्हायला लागतं आणि पीठ कोमट झालं की अजूनच भराभर. आता घरात तळायचा क्रम काय असतो, आधी भाज्या 160-170 डिग्रीला, मग तेल 180 पर्यंत तापवून शेवटी कोळंबी, म्हणजे तेलाला वास लागत नाही आणि घरात कोणी शाकाहारी असेल तर त्यांचंही आधीच होऊन जातं. तेल गार पडू नये म्हणून एका वेळी तीन-चारच तुकडे सोडायचे. चार माणसांचं तळता तळता, त्यात टोकियोचा ऑगस्ट आणि शेजारीच तापलेली कढई, बर्फावर ठेवलेलं पीठसुद्धा चिकट होत जातं, आणि सगळे ज्याची वाट बघत असतात, जी सगळ्यात महाग, ती कोळंबी नेमकी सगळ्यात वाईट पिठात पडते. आवरण मऊ, चिवट. पीठ दोनदा कालवा असा सल्ला मिळतो, बरोबरच आहे, पण एक जण तळत असताना मधेच गॅस बारीक करून अर्धं अंडं मोजत कोण बसणार!

तयार पिठाला हा त्रास जवळजवळ नाही. स्टार्च असल्यामुळे ग्लुटेनचा जोर कमी पडतो, दोन ढवळे जास्त झाले तरी चालतं, नळाचं गार पाणी पुरतं, आणि माझ्या अनुभवात शेवटची कोळंबी पहिल्या भोपळ्याइतकीच कुरकुरीत निघते. याला शॉर्टकट म्हणून कमी लेखू नये असं मला मनापासून वाटतं, शोवा सांग्यो या जपानी कंपनीचं असं पीठ 1960 पासून बाजारात आहे, इथल्या बऱ्याच घरांत असंच तयार पीठ वापरतात.

कोळंबीची तयारी दोन्हीकडे सारखीच. पोटाकडून हलक्या चिरा म्हणजे ती वाकडी होत नाही, शेपटीचं टोक कापून आतलं पाणी निपटून काढायचं नाहीतर तेल अंगावर उडतं, मग कोरड्या पिठात घोळवून लगेच बुडवायची.

दोघांपुरतं करायचं असेल आणि शिसो, माइताके (एक जपानी मशरूम) अशा नाजूक गोष्टी आवडत असतील तर घरी कालवा, थोडक्यात आटपतं आणि पीठ चिकट व्हायला वेळच मिळत नाही. चार-पाच जण जेवायला असतील तर मी तरी पाकीटच घेईन. अंडं न खाणारं कोणी असेल तर घेताना पाकिटामागे तामागो म्हणजे अंडं लिहिलंय का ते बघा, बऱ्याच पिठांत अंड्याची पावडर असते, पण बिनअंड्याचीही मिळतात.