रंकाळ्याजवळच्या गाड्यावरची मिसळ, नक्की जा

रंकाळ्याजवळ एका तृतीयपंथी ताईंनी मिसळीचा गाडा टाकलाय, दोन महिने दर रविवारी तिथंच जातोय. कट झणझणीत पण पोटात आग पडत नाही, सोबत ब्रेड, आणि कट संपला की न विचारता पळीभर वाढतात. चहा जरा जास्तच गोड.

पहिल्यांदा आईला नेलं तर ती गाडीवरनं उतरलीच नाही, "त्यांच्या हातचं नको" म्हणाली. मला लई वाईट वाटलं, तिथंच सांगितलं तिला, अगं ज्यांना लोक शिवत नव्हते त्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज मुद्दाम थांबून चहा प्यायचे, सोबतच्या बड्या लोकांनाही पाजायचे, ते आपल्याच कोल्हापुरात, आणि आपण काय करतोय? आई गप्पच बसली.

पुढच्या रविवारी स्वतःच म्हणाली, चल. ताईंनी विचारलं, "मावशी, तिखट सोसंल न्हवं?" आईनं ब्रेड बुडवून खाल्ला, पदरानं घाम पुसला आणि चटणी कुठं कांडून आणता विचारत बसली, निम्मी ब्याडगी निम्मी संकेश्वरी म्हटल्यावर तर दोघी अर्धा तास मिरचीवरच.

अजून काहीजण गाडा बघून पुढं जातात, त्यांनी एकदा तरी थांबावं असं मनापासून वाटतं. साडेदहाच्या आत जावा, नंतर कट संपतो.