पालकांना पाठवायची गणिताची एडिट होणारी पत्रं, वर्षभर वापरून झाल्यावर

मी सांगली जिल्ह्यात द्राक्षाच्या पट्ट्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीच्या सेमी इंग्लिशला गणित शिकवते, दोन्ही वर्ग मिळून ८३ मुलं. गेल्या जूनमधे पालकांना पाठवायच्या गणिताच्या पत्रांचा एक संच ऑनलाईन घेतला, २४९ रुपये, ३६ पानं, सगळ्या वर्डच्या फायली, म्हंजे आपल्याला पाहिजे तसं बदलून घ्यायचं. आता वर्ष झालं आणि शेजारच्या शाळेतल्या दोघीतिघी विचारतायत की घेऊ का, म्हणून नीट लिहिते.

आधी हे सांगते की मला याची गरज का पडली. आमच्याकडं ऑक्टोबरात पालकसभा लावली की निम्म्या खुर्च्या रिकाम्या, कारण छाटणी चालू असते आणि एक दिवस गेला तरी गणित बिघडतं शेतकऱ्याचं. एप्रिलात परत खरड छाटणी. मग पालकांशी बोलायचं कधी? व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला की वाहून जातो. कागदाचं तसं नाही, तो दप्तरातनं घरी जातो, चार दिवस फ्रीजवर नाहीतर देवघराच्या कोनाड्यात राहतो आणि कुणीतरी वाचतंच.

संचातलं सगळ्यात भारी पान म्हंजे शब्दांचं पान. सेमीची मुलं गणित इंग्रजीत शिकतात आणि आईवडील मराठीतनं शिकलेले, त्यामुळं घरी पोरगं एलसीएम म्हणालं की बाप गप्प बसतो. या पानावर एका बाजूला मुलांचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला पालकांचा, एलसीएम म्हंजे लसावि, एचसीएफ म्हंजे मसावि, न्यूमरेटर म्हंजे अंश, डिनॉमिनेटर म्हंजे छेद, प्राईम नंबर म्हंजे मूळ संख्या, पेरिमीटर म्हंजे परिमिती, आणि प्रत्येकाखाली एक छोटं उदाहरण. एवढंच. हे पान मी सातवीला पाठवलं आणि आठवड्यानं एक वडील शाळेत आले, बागेतनं थेट, हाताला औषधाचा वास, आणि खिशातनं तेच पान काढलं चार घड्या घातलेलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं १२ आणि १८ चे अवयव पाडलेले, खाली लसावि ३६ काढून त्याला गोल केलेला. म्हणाले, "मॅडम, लसावि आमाला येतोय की. पोरगं एलसीएम एलसीएम म्हणत हुतं ते मला वाटलं कायतरी नवीनच हाय." मला खरंच भरून आलं. इतके दिवस हा माणूस पोराच्या अभ्यासाजवळ बसत नव्हता आणि आम्ही शिक्षक म्हणत होतो की पालक लक्ष देत नाहीत. गणित येत होतं त्यांना, शब्द अडत होता फक्त.

दुसरं चांगलं पान वजाबाकीचं. हे मी आमच्या तिसरीच्या बाईंना दिलं. ५२ मधनं २७ काढायचे तर आता मुलांना एक दशक सुटा करून १२ एकक करायला शिकवतात, वर ५ चे ४ होतात, १२ मधनं ७ गेले ५, ४ मधनं २ गेले २, उत्तर २५. पण आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना हातचा शिकवलेला आहे, वरच्या २ चे १२ करा आणि हातचा १ खालच्या २ ला द्या, ५ मधनं ३ गेले २. उत्तर तेच. पण संध्याकाळी आई म्हणते खाली हातचा दे आणि मूल म्हणतं बाईंनी वरचा कमी करायला सांगितलाय, आणि शेवट रडारडीत होतो. पत्रात दोन्ही रीती शेजारीशेजारी मांडल्यात आणि खाली लिहिलंय की दोन्ही बरोबर आहेत, फक्त सध्या मुलाची रीत त्याला पूर्ण करू द्या. असं साधं पान प्रत्येक शाळेनं पाठवायला पाहिजे.

यावरनं आठवलं, २०१९ मधे बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक असं वाचन आलं तेव्हा किती गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. मंगलाताई नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी कारण अगदी नीट सांगितलं होतं की आकडा लिहिताना दशक आधी आणि मराठीत बोलताना एकक आधी, पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, तिथं लहान मुलं गोंधळतात, शिवाय जोडाक्षरं. जुनं वाचन काढलेलं नव्हतंच. पण घरोघरी काय पोचलं तर एकवीस बंद झालं. तेव्हा पहिल्याच आठवड्यात शाळेशाळेतनं असं एक पान घरी गेलं असतं तर फरक पडला असता असं मला मनापासून वाटतं.

आता जे पटलं नाही ते. सगळ्या पत्रांत "आपला पाल्य" आणि पुढं "शिकला, करतो, आला". मुलींचं काय? ८३ मधे माझ्या ३९ मुली आहेत. मेल मर्जनं नावं आपोआप भरता येतात ही सोय झकास आहे, एक्सेलमधे यादी केली की सगळी पत्रं तयार, पण मराठीत नाव बदललं की क्रियापद पण बदलावं लागतं हे बनवणाऱ्याच्या लक्षातच आलेलं नाही. पहिल्या वेळी मी न बघता छापली आणि एका आईनं विचारलं, हे माझ्या लेकीचंच आहे ना. त्यानंतर मी प्रत्येक पत्राच्या दोन फायली केल्या, एक मुलींची एक मुलांची, आणि पाल्य हा शब्दच काढून टाकला. तुमची मुलगी, तुमचा मुलगा. घरात कोण पाल्य म्हणतं?

आणि एक पत्र आहे "आपला पाल्य गणितात कच्चा असून याची गंभीर दखल घ्यावी", हे मी डिलीट केलं, तुम्ही पण करा. असं वाचून घरात फक्त मार मिळतो मुलाला. त्याऐवजी मी लिहिते की भागाकार येतोय, पण भागाकारात मधे शून्य आलं की ते लिहायचं राहतं, ६१२ ला ६ नं भागलं की १०२ ऐवजी १२ लिहितो, घरी रोज अशी दोनच गणितं द्या. हे वाचल्यावर पालकाला आज संध्याकाळी काय करायचं ते कळतं.

उदाहरणं शहरातली आहेत, पिझ्झा, मेट्रोचं तिकीट वगैरे. पुण्यामुंबईला चालतील. एडिट करता येतं त्याचा खरा फायदा मला इथं झाला, गुणोत्तर-प्रमाणाच्या पत्रात मी फवारणीचं घातलं, एका लिटरला २ मिली औषध तर २०० लिटरच्या टाकीला किती. ४०० मिली हे आमच्या पोरांचे वडील झोपेत सांगतील, आणि तेच गणित पोराच्या वहीत असतं हे त्यांना पहिल्यांदा दिसलं.

फाँटचा त्रास मात्र झाला. तीन फायली जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधे आहेत, तो फाँट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, मला त्या पूर्ण परत टाईप कराव्या लागल्या, एक रविवार गेला. अपूर्णांक वर्डच्या इक्वेशनमधे टाकलेत, ते माझ्या मोबाईलवर दिसलेच नाहीत, तिथं मोकळी जागा. विकणाऱ्याला कळवलं, उत्तर आलं नाही. रंगीत चौकटी पण काढून टाका, झेरॉक्समधे काळ्याकुट्ट होतात आणि आतलं वाचता येत नाही, अक्षर १४ च्या खाली ठेवू नका, आजीआजोबा वाचतात कितीतरी घरांत.

माझ्या मते घ्यायला हरकत नाही, शब्दांचं आणि वजाबाकीचं पान एवढ्यासाठी सुद्धा पैसे वसूल आहेत. फक्त घेतल्या घेतल्या सगळ्या फायली आधी मोबाईलवर उघडून बघा, लॅपटॉपवर नंतर, कारण ज्या घरी कागद पोचत नाही तिथं तुम्ही फोटोच पाठवणार, आणि तो आईच्या मोबाईलवर रात्री भांडी झाल्यावर उघडला जाणार.